परस्पर केलेला तह

१२ मार्च २०२५

आज घरी आणलं. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले वर चढवलं. पुढून राजेंद्र, मागून खालचा इस्त्रीवाला. वळणावर इस्त्रीवाल्याचा हात सटकला तेव्हा वाटलं, आता दुसराही पाय जातो. प्रेरणा खालून ओरडत होती, "सावकाश! सावकाश!" माझ्या बायकोच्या ओरडण्यानं इस्त्रीवाला आणखी घाबरला.

डाव्या नडगीत सळई घातलीय. चितेगावच्या अलीकडं खडीवरून गाडी घसरली, एवढंच झालं. ट्रक नाही, आडवं आलेलं जनावर नाही. लोक विचारतात तेव्हा सांगायलाही काही नसतं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणाले डॉक्टर.

मी बसून राहणारा माणूस नाही. कंपनीत क्वालिटीला आहे, अख्खी शिफ्ट लाइनवर फिरतो. इथं पंखा, छत, खिडकी, पुन्हा पंखा. ही डायरी कुणा पुरवठादारानं जानेवारीत दिलेली, कोरीच पडली होती. हाताला चाळा म्हणून लिहितोय.

राजेंद्र माझ्याच खात्यात आहे, मित्र म्हणायचा तो एकच. जाताना एक जड खोका ठेवून गेला. "पुण्याचा एक जण नोकरी सोडताना मला देऊन गेला. मी नियमांचं पुस्तक बघूनच गार झालो. लढाईचा खेळ आहे, एकट्यानं खेळायचा. तुला दुसरं काय काम आहे आता?"

खोक्यावर खाकी कपड्यातला गोरा साहेब आणि मागं उघडेबोडके डोंगर. उद्या बघू.

१४ मार्च

माय आली. पाचोडहून एकटी, एसटीनं. मी फोन करून सांगितलं होतं की येऊ नको, प्रेरणा आहे, पण दार उघडलं तर समोर उभी. बरोबर दोन बोचकी आणि एक पत्र्याची पेटी. "चार दिवसांसाठी एवढं?" मी म्हणालो. "आसू दे, लागतंय," म्हणाली. पेटीत सगळी लुगडी, पितळी तांब्या, तिच्या बापाचा फोटो, मेंढ्यांची लोकर कातरायची कातर. आणि घोंगडी! या उकाड्यात घोंगडी. माझ्या काळजीनं डोकं ठिकाणावर नसेल, हाताला लागलं ते भरलं असेल तिनं.

संध्याकाळी वडिलांचा, आबांचा, फोन आला. पोचली का विचारलं. मग म्हणाले, "आजिनाथ, मेंढरं इकून टाकली. समदी. बाजाराच्या दिवशी."

मी म्हणालो, "फार बरं केलंत आबा!" दोन वर्षं मी हेच सांगत होतो. गुडघे गेलेत, चराईला रान राहिलं नाही, जिकडं तिकडं प्लॉटिंगच्या तारा. किती दिवस त्या जित्राबांमागं उन्हातान्हात फिरणार? मायलाही सुटल्यासारखं झालं असेल.

"मायला देऊ का फोन?"

"दे."

माय न्हाणीघरात होती. आवाज दिला तर आतूनच म्हणाली, "अंगावर पाणी घेतलंय." पण न्हाणीतून पाण्याचा आवाज काही येत नव्हता. आज नळाला पाणी नाही, ड्रममधलं जपून घेत असेल.

१७ मार्च

तीन दिवस नियमांची पुस्तिका वाचतोय. आता कुठं डोक्यात शिरायला लागलं.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातली गोष्ट, सन १८९७. हिंदुस्थानची वायव्य सरहद्द, खैबरच्या बाजूचे डोंगर. पटावर षट्कोनी घरं, खिंडी, नद्या, गावं. खिंडीत एक किल्ला वेढ्यात अडकलेला. तो सोडवायचा, वाटेत टोळ्या मोडायच्या, पाऊस पडायच्या आत परत यायचं.

कुणाकडून खेळायचं ते निवडता येत नाही. मी इंग्रज. तोफा माझ्या, खेचरं माझी, किल्ला माझा. टोळ्यांच्या बाजूला माणूस बसत नाही. त्यांचे पत्ते आहेत. पत्ता उलटायचा आणि त्यावर लिहिलंय तशा त्यांच्या सोंगट्या हलवायच्या. म्हणजे त्यांचं डोकंही मीच, पण पत्त्याच्या हुकमानं.

धनगराचा पोरगा विलायती सेनापती झाला. माझं मलाच हसू आलं. पलंगाला लावून टेबल ठेवलंय. पहिला डाव सकाळी मांडला, जेवायला हाक मारेपर्यंत पंखा दिसला नाही की पाय ठणकला नाही. मग हरलो. खेचरं पाण्यावाचून मेली.

१८ मार्च

पुन्हा हरलो.

२२ मार्च

खिंडीपर्यंत पोचलो! वाटेतली दोन गावं जाळली. गाव जाळलं की गुण मिळतात आणि त्या टोळीचे पत्ते कमी होतात. कारकुनी हिशेबासारखं आहे सगळं, पण जमलं की बरं वाटतं.

दुपारी माय शेजारी येऊन बसली. तिच्या मांडीवर जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या होत्या, कातरीनं सारख्या करत होती. घरात एवढ्या चिंध्या कुठून आल्या कोण जाणे.

"हे कोण रं?"

"टोळीवाले. डोंगरातले लोक."

"आन हे?"

"माझी फौज."

"मंग तू त्यांच्या डोंगरात कशाला गेला?"

"माय, खेळ आहे." मी म्हटलं हिलाही विरंगुळा होईल, पत्ते उलटायला दिले. ती उलटायची, मी वाचायचो. एका पत्त्यावर होतं, टोळी दरीत उतरून धान्याच्या तांड्यावर पडते. मी सोंगट्या खाली आणल्या. मायनं त्या उचलून डोंगरामागं ठेवल्या.

"नाय जाणार त्ये खाली."

"पत्त्यावर लिहिलंय."

"आत्ताच गाव जाळलं ना तू त्यांचं? आसं झाल्यावर माणूस लगीच भांडाया नाय येत. आधी लांब जाऊन बसतंय."

"आपल्याला पत्ता सांगतो तेच करायचं असतं माय."

"पत्त्याला काय म्हाईत त्यांच्या मनातलं?" ती म्हणाली आणि उठून भाकरी टाकायला गेली. मी सोंगट्या परत दरीत आणल्या. नियम म्हणजे नियम.

२७ मार्च

माझ्यापासून काहीतरी लपवतायत.

प्रेरणा शहागंजात कापडाच्या ठोक दुकानात बिलिंगला आहे, दहाला जाते. हल्ली मायही तिच्याबरोबर जाते आणि दुपार टळल्यावर रिक्षानं येते. विचारलं तर "बाजारात गेल्ते." रोज कसला बाजार? भाजीची पिशवी दिसत नाही. पाठ मोडून येते, पण गुणगुणत येते. बोटांना टोचलेलं दिसतंय. "काटा लागला," म्हणे. शहागंजात काटे?

आबांचा एक दिवसाआड फोन. भाकरी जमत नाही, पोहे खाऊन राहतात. "तिला कधी धाडतो?" एवढं एकच विचारतात. आणि फोन आला की माय नेमकी जिन्यात, नेमकी गच्चीत, नेमकी शेजारणीकडं. लाजत असेल. जुन्या बायका फोनवर नवऱ्याशी बोलत नाहीत मोकळ्या.

तिला परत पाठवली पाहिजे. माझ्यापायी ती इथं या खुराड्यात कुजतेय आणि तिकडं म्हातारा उपाशी. पण "जा" म्हणून तोंडावर कसं म्हणायचं? डोळ्यांत पाणी आणेल.

पुस्तिकेत फुटीचा नियम आहे. दोन टोळ्या जवळजवळच्या घरांत आल्या की त्यांच्यात कलागत लावता येते, मग एक टोळी आपण होऊन माघारी जाते. एकही गोळी झाडावी लागत नाही.

२८ मार्च

मायला म्हणालो, प्रेरणाला तुझ्या भाजीचं तिखट सोसत नाही, बोलत नाही बिचारी. प्रेरणाला म्हणालो, मायला तुझी घासलेली भांडी चालत नाहीत, मागून पुन्हा घासते. दोघींनी मान हलवली. परिणाम होतोय असं वाटतं.

२ एप्रिल

सकाळी चहा घेऊन दोघी एकदम खोलीत आल्या. प्रेरणा मायला आत्या म्हणते. मला दिसेल अशी उभी राहून म्हणाली, "आत्या, माझी भांडी तुम्हाला चालत नाहीत म्हणे?"

"आन तुला मपलं तिखट सोसत नाय म्हणं?"

आणि दोघी हसायला लागल्या. प्रेरणा तर दाराला धरून हसत होती. माय म्हणाली, "ल्हानपणी बी आसाच व्हता ह्यो. दोन कोकरं एकमेकांवर सोडायचा आन लांब उभा राहून बघायचा."

"अहो, पाय मोडलाय ना? मग पायाचंच बघा," प्रेरणा म्हणाली.

मी चहा घेतला नाही. नंतर गार झालेला घेतला.

५ एप्रिल

राजेंद्र येऊन गेला. त्यांच्या वस्तीत जयंतीची तयारी जोरात आहे, कपाळावर निळ्या रंगाचा शिंतोडा तसाच. खेळ बघून म्हणाला, "तू इंग्रज झालास? आपण दोघं तिथं असतो तर कुठं असतो, माहिती आहे का?"

"कुठं?"

"खेचरांच्या मागं. ओझं घेऊन." मग सोंगट्या चाळत बसला. "किल्ला सोडवलास की पुढं काय?"

"पुढं डाव संपतो."

"त्या लोकांचा?"

"आपला रे."

जाता जाता दारात थांबला. "सांगू नको म्हणाल्यात, पण सांगतो. काकूंना मी शहागंजात बघितलं. प्रेरणावहिनींच्या दुकानाच्या मागं वखार आहे ना, तिथं. वाकळी शिवत होत्या. चारपाच बाया आणि मधी तुझी माय. मी हाक मारली, तर म्हणाल्या, आजिनाथला बोलू नको."

माझी माय मजुरीला जाते? माझ्या दवाखान्यासाठी! दुसरं काय कारण असणार? सुया टोचून घेते, वर काटा लागला म्हणते. आणि प्रेरणा तिला घेऊन जाते, हसत हसत. मायला विचारायची सोय नाही, राजेंद्रला शब्द दिलाय. विचारलं तरी खरं सांगणार नाही ती. प्रेरणाशी दिवसभर बोललो नाही. तिला कळलंसुद्धा नसावं.

बास झालं. आता मीच काहीतरी केलं पाहिजे.

९ एप्रिल

आजचा दिवस कामी आला.

सकाळी पटावर जिरगा लागला. जिरगा म्हणजे टोळीच्या थोरांची बैठक. त्यांच्या म्होरक्याला मलिक म्हणतात. मलिकाशी तह केला की त्याच्या गावावर पांढरी चकती ठेवायची. पण यात एक गोम आहे. मलिकानं तह केला तरी पुढं फासा टाकावा लागतो, टोळी त्याचं ऐकते की नाही त्यासाठी. हा नियम मला पटत नाही. थोरल्यानं शब्द दिल्यावर बाकीच्यांचा काय संबंध? फासा टाकला. टोळीनं ऐकलं नाही, सगळी डोंगरात. मी तह तसाच ठेवला आणि पुढची खेळी केली. एकट्याच्या खेळात कोण बघतंय!

दुपारी माय आणि प्रेरणा बाहेर असताना आबांना फोन लावला.

"आबा, रविवारी या आणि मायला घेऊन जा."

आबांनी विचारलं, "ती येती म्हणली का?"

"हो. माझं बोलणं झालंय तिच्याशी." झालं नव्हतं. पण आबा दारात आल्यावर ती नाही थोडीच म्हणणार?

"तिनं काय सांगितलं का तुला?"

"कशाबद्दल?"

"काय नाय," आबा म्हणाले. "रविवारी येतो."

किती सोपं होतं! उगाच पंधरा दिवस डोकं शिणवलं. आबांना जेवण मिळेल, मायला आराम, आणि माझ्या औषधासाठी कुणी सुया टोचून घ्यायला नको.

१३ एप्रिल

घडलं तसं लिहितो.

आबा अकराच्या सुमारास आले. जिना चढून धाप लागली होती. पांढराशुभ्र पटका, नव्या चपला. खुर्चीत बसले, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, त्यांच्या हातात काठी नव्हती. जन्मात मी त्यांना काठीशिवाय बघितलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. गुडघ्यावर ठेवले, मग मांडीखाली घातले.

माय स्वयंपाकघरातून आली, त्यांना बघून दारातच थांबली. पाणी दिलं. चहा दिला. प्रेरणा माझ्याकडं बघत होती, डोळ्यांनी विचारत होती की हे काय? मी पटावर नजर ठेवली.

चहा संपवून आबा म्हणाले, "चल मंग."

"कुठं?"

"घरी. आजिनाथ म्हणला, तू तयार हायेस."

माय माझ्याकडं वळली. "म्या कव्हा म्हणले?"

मी म्हणालो, "माय, तू माझ्यासाठी कशाला एवढी... शहागंजात वाकळी शिवतेस, मला कळलंय सगळं. माझ्या औषधाची काळजी तू नको करू."

"तुपल्या औषधाची?" ती म्हणाली. रागानं नाही, नवलानं. "तुपलं औषध तुपली बायको बघती. म्या माझ्यासाठी जाते."

मग आबांपुढं खाली फरशीवर बसली. इतका वेळ मी ती दोघं समोरासमोर बसलेली कधी बघितली नव्हती. तिचा आवाज चढला नाही.

"मेंढरं इकली तवा इचारलं व्हतं का मला?"

आबा म्हणाले, "गुडघे चालंनात मपले. चारायचं कुठं? समदीकडं तारा."

"त्ये मला म्हाईत नाय व्हय? रोज म्याच तेल चोळलं ना गुडघ्याला? पर म्या हिरीवर धुणं धुवाया गेले आन माघारी आले तर मेंढरांचं वाडगं मोकळं. केसरबाईनं सांगितलं, टेम्पोत घातली म्हणून. शेजारणीनं! मपल्या बापानं आंदण दिलेल्या दोन मेंढ्या, त्यांची वीण व्हती ती. जाताना पाठीवर हात बी फिरवू दिला नाय."

"तू रडली आसतीस," आबा म्हणाले. एवढंच.

"रडले आसते! रडून झाल्यावर इका म्हणले आसते."

खालून कुठूनतरी ताशाचा सराव ऐकू येत होता. आबांनी मांडीखालचे हात काढले आणि बोट माझ्याकडं केलं. "ह्यो बी म्हणला इकाच म्हणून. फोनवर म्हणला, बरं केलंत."

तेव्हा तिघांनी माझ्याकडं बघितलं. उठून जावंसं वाटलं. उठता येत नव्हतं.

माय उठली, चार भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधला, आबांच्या हातात दिला. म्हणाली, "मला न्यायाला येऊ नका आता. इचारायला या."

आबा गेले. प्रेरणा त्यांना बसपर्यंत सोडून आली. आल्यावर माझ्याशी फक्त एक वाक्य बोलली, "निदान मला तरी विचारायचं होतंत."

तिला माहीत होतं, माय घर सोडून आलीय हे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटी बघूनच तिनं मायला विचारलं होतं म्हणे.

१४ एप्रिल

बाहेर दिवसभर डीजे, निळे झेंडे, पोरांचा दंगा. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. माय मला वेळेवर गोळी देते, उशी सरकवते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी किल्ला सोडवला. गुण मोजून तक्त्यात बघितलं, "निर्णायक विजय". पुन्हा मोजले, तेच आलं. महिनाभर ज्याच्यासाठी धडपडलो ते मिळालं, आणि सोंगट्या खोक्यात टाकायचाही हुरूप नाही. मलिक त्याच्या गावात एकटाच, पांढऱ्या चकतीखाली. बाकी गाव रिकामं.

१८ एप्रिल

आज शेवटी विचारलं. "माय, तुला काय पाहिजे?"

"आत्ता? ती पांढऱ्या दोऱ्याची रीळ दे."

दिली. मग तीच बोलायला लागली. वाकळ शिवत होती, मान खाली. म्हणाली, पहिल्यांदा प्रेरणानं दुकानात नेलं, घरात बसून रडते म्हणून. मी म्हणालो, "तू घरात रडत होतीस? मी तर इथंच होतो."

"तू खेळत व्हता ना."

शेठची मागं वखार, तिथं बाया वाकळी शिवायच्या, पण टाके वाकडे. हिनं एक शिवून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या तिची वाट बघत बसलेल्या. "सकाळी गेलं की म्हणत्यात, आल्या मावशी. समद्या एकदम मान वर करत्यात. मेंढरं बी आशीच मान वर करायची म्या वाडग्यात गेले की." तिनं दोरा दातानं तोडला. "तवा जाते. दुसरं काय नाय."

"आबांवर रागावलीस?"

"रागावले तर काय झालं? चाळीस साल झाले लग्नाला. राग बी हाये, काळजी बी हाये. पोहे खाऊन राहिलेत म्हणं."

मी म्हणालो, "मीही विचारलं नाही तुला."

"नाय इचारलं," ती म्हणाली. नाही रे, जाऊ दे, असं काही म्हणाली नाही. मी वाट बघत होतो म्हणेल म्हणून.

२१ एप्रिल

डाव पुन्हा मांडला. माय पलीकडं येऊन बसली. मी टोळ्यांचे पत्ते बाजूला ठेवले आणि त्यांच्या सोंगट्या तिच्याकडं सरकवल्या. म्हटलं, "तू ठरव."

एकट्यानं खेळायचा खेळ, दोघांसाठी नियमच नाहीत. अडलं की भांडून ठरवतो. जिरग्याची पाळी आली. मी तह मागितला. मायनं विचारलं, यात आमाला काय? मी पुस्तिका उघडून शोधायला लागलो. तिनं तह दिला नाही. माझी खेचरं खिंडीत अडकलीत आणि ती भाजी निवडायला निघून गेली. येईपर्यंत मी हात लावायचा नाही, असं बजावलंय. बसलोय. सारखा हात जातो, मागं घेतो.

२४ एप्रिल

डॉक्टरांकडं नेलं. वॉकर धरून पाय थोडाथोडा टेकायला सांगितलं. तळव्याला फरशी लागली तर गुदगुल्या झाल्या. जिना मात्र खुर्चीतूनच.

२९ एप्रिल

आबांचा फोन. नेहमीसारखं "कधी धाडतो" नाही. म्हणाले, "आजिनाथ, तिला इचार, बोलती का माझ्याशी. नाय म्हणली तर ऱ्हाऊ दे."

मायला विचारलं. तिनं सुई वाकळीत खोवून ठेवली, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. मी वॉकर ओढला, गॅलरीत गेलो आणि मागं दार लावून घेतलं. दार पातळ आहे. मायचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, जरा कान दिला असता तर कळले असते. खाली पाण्याचा टँकर लागला होता, बाया घागरी घेऊन भांडत होत्या. मी त्यांचं भांडण ऐकत उभा राहिलो. पाय भरून आला तरी आत गेलो नाही.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता.

"कुत्रं जेवत नाय म्हणं," ती म्हणाली. "दिवस मावळला की वाडग्याच्या तोंडाशी जाऊन बसतंय, मेंढरं यायची वाट बघत. काय करू, आसं इचारत व्हते."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हणले, तुमी बी बसा त्याच्याजवळ."

टँकर निघून गेला. खाली कुणाचीतरी घागर गडगडली. माय कठड्याला टेकली आणि म्हणाली, "शनिवारी जाऊन येते. सोमवारी माघारी येईन, बाया खोळंबत्यात."

मी आबांना कळवतो, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. विचारलं, "बरोबर भाकरी लागतील का?"

"लागतील. त्यांना, मला, आन कुत्र्याला येगळ्या."

"मी थापतो," मी म्हणालो. "बसून जमेल तेवढं. वाकड्यातिकड्या होतील."

"कुत्र्याला चालत्यात," माय म्हणाली.